काचेपलीकडची बाई

रेडिओवर मुलाखती घेणाऱ्या माणसाबद्दल लोकांचा एक गोड गैरसमज असतो, की त्याला बोलता येतं. बोलता कुणालाही येतं. नागपुरात तर पानठेल्यावर उभा असलेला प्रत्येक जण बोलतो, आणि तेही कुणी विचारलेलं नसताना. आमचं खरं काम कापण्याचं. लेखक-कलावंतांच्या तासाभराच्या मुलाखती मी कित्येक वर्षं कंत्राटावर घेते आहे, आणि त्या एका तासासाठी माणसाला दोन-अडीच तास बोलतं ठेवावं लागतं. मग ते सगळं घरी आणून लॅपटॉपपुढे बसायचं. पाहुण्याचे 'अं... अं...' काढायचे, खोकला काढायचा, एका चित्रकारानं दुसऱ्या चित्रकाराचा केलेला उद्धार काढायचा. तीच गोष्ट दोनदा सांगितली असेल, तर त्यातली बरी ठेवायची. माझं तत्त्व अगदी सरळ होतं. माणूस त्याच्या सगळ्यात चांगल्या दिवशी जसा बोलला असता, तसा तो ऐकणाऱ्याला ऐकू आला पाहिजे. या तत्त्वाचा मला फार अभिमान होता. आज आहे की नाही, ते मला छातीठोकपणे सांगता येणार नाही.

ज्यांच्याबद्दल सांगायचं आहे, त्यांना सगळे भाऊ म्हणायचे. गांधीबागेतल्या एका कापडाच्या दुकानात त्यांनी सारी उमर काउंटरमागे काढली आणि रोज रात्री दुकान बंद झाल्यावर कादंबऱ्या लिहिल्या. हमाल, शिलाईवाल्या, लग्नाचा बस्ता बांधायला आलेल्या खेड्यातल्या बाया, असली माणसं त्यांच्या पुस्तकांतून वावरायची. बायकांबद्दल तर त्यांनी इतक्या मायेनं लिहिलं आहे की कॉलेजात असताना मी मैत्रिणींना सांगत सुटायचे, नवरा असावा तर असा. असा म्हणजे कसा, हे कळायला तेव्हा काही मार्ग नव्हता.

आयुष्यभर त्यांनी रेडिओला नकार दिला. मी पाच-सहा वेळा तरी विचारलं असेल. "माझा आवाज दुकानापुरता आहे बाई," एवढं बोलून ते फोन ठेवून द्यायचे. आणि यंदा अचानक होकार आला. मी हवेतच होते. केंद्रात सगळ्यांना सांगत फिरले की बघा, आले की नाही शेवटी! होकार भाऊंनी दिलाच नव्हता, फोन त्यांच्या बायकोनं घेतला होता आणि हो तिनंच म्हटलं होतं. हे माझ्या लक्षात यायला हवं होतं, पण आनंदात असलेल्या माणसाला कोण बोललं याच्याशी देणंघेणं नसतं.

दोघं कळमेश्वरहून रिक्षा करून आले. भाऊ इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात, नुकतीच दाढी केलेली, हातात चांदीची जाड अंगठी. मागून काकू. सगळे ज्यांना भाऊ म्हणतात त्यांच्या बायकोला मी काकू म्हणू लागले, म्हणजे नात्याचा घोळ पहिल्याच मिनिटाला झाला, पण वहिनी म्हणावं असं त्यांच्या चेहऱ्यावर काही नव्हतं. कळमेश्वरच्या एमआयडीसीतल्या कारखान्यात त्यांनी वर्षानुवर्षं पॅकिंगला उभ्यानं काम केलेलं. अजूनही त्या भिंतीला टेकून उभ्याच राहायच्या, खुर्ची दिली तरी. भाऊ पाणी पीत होते तेवढ्यात काकूंनी मला कोपऱ्यात घेतलं.

"मॅडम, एक बोलू का? त्याइले नीट दाखवा. मधातच अटकते ते. कवा कवा इकडचं तिकडे होते. लोकं हसतीन नाहीतर."

"काकू, त्याचसाठी तर मी आहे," मी म्हटलं. अगदी दवाखान्यातल्या डॉक्टरच्या थाटात म्हटलं.

आमचा स्टुडिओ म्हणजे मध्ये मोठी काच असलेल्या दोन खोल्या. अलीकडे मी आणि पाहुणा, पलीकडे यंत्रावर बसलेला माणूस. तो कानाला हेडफोन लावून असतो, त्यामुळे पलीकडच्या खोलीत दुसरं कुणी बसलं तर त्याला आमचं सगळं दिसतं, पण ऐकू काहीच येत नाही. काकू तिथे बसल्या, म्हणजे उभ्या राहिल्या. काचेतून नवऱ्याकडे एकटक बघत.

भाऊ सुरुवातीला सुरेख बोलले. मी विचारलं, गोष्ट सांगायला शिकलात कुठे? त्यांनी टेबलावर दोन्ही हात ठेवले, जणू समोर कापडाचा तागा पडला आहे, आणि मोजायला लागले. दर मापाला अंगठी लाकडावर वाजायची, टक.

"मालकानं पहिल्याच दिवशी सांगितलं, कापड मोजताना तोंडानं आकडे म्हणायचे नाहीत. आकडे ऐकले की गिऱ्हाईक सावध होतं. हात गजावर ठेव, तोंड गोष्टीवर. मग मी मोजता मोजता गोष्टी सांगू लागलो. कापड मोजून झालं की गोष्ट संपली पाहिजे, आणि बाईला वाटलं पाहिजे, अजून थोडं घ्यावं. कादंबरी याहून वेगळी नसते... हो."

मी मनातल्या मनात टाळी वाजवली. असं एक वाक्य मिळालं की आमचा अख्खा महिना निघतो.

मग मी त्यांच्या पहिल्या पुस्तकाबद्दल विचारलं. ते दोन-चार वाक्यं बोलले, थांबले, हात टेबलावर ठेवले आणि म्हणाले, "मालकानं पहिल्याच दिवशी सांगितलं..." होतं असं, वयस्कर माणसांचं होतं. मी थांबवलं नाही. पुढे त्यांच्या शेवटच्या कादंबरीतल्या विधवेबद्दल विचारलं. त्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं, जणू मी दुसऱ्याच कुणाच्या पुस्तकाचं विचारते आहे, आणि मग पुन्हा हात टेबलावर आले. शब्द तेच, अंगठीची टक तीच, शेवटच्या 'हो'च्या आधीचा दमसुद्धा तोच.  मधातच अटकते ते, म्हणजे काय, ते मला तेव्हा कळलं.

त्यांना सोप्या वाटेवर आणावं म्हणून मी विचारलं, "भाऊ, तुमचं लिखाण सगळ्यात आधी कोण वाचायचं?"

ते काचेकडे बघत राहिले. मग बोट करून, आवाज खाली आणून, घरातल्या बोलीत त्यांनी मला विचारलं, "ती बाई कोण उभी आहे वं तिकडे? मघापासून पाहून राहिली."

 इतक्या वर्षांत कुठल्याही पाहुण्यानं मला असा प्रश्न विचारला नव्हता. "त्या... तुमच्यासोबतच आल्यात, भाऊ."

"असं का. चांगल्या घरची दिसते. केव्हाची उभी आहे बिचारी. तिले चहा विचारा न कोणी."

काचेपलीकडे काकूंनी पाहिलं की नवरा आपल्याकडे बोट करून काहीतरी बोलतो आहे. त्यांना वाटलं, आपल्याबद्दल सांगतो आहे, रेडिओवर. त्या इतक्या लाजल्या! पदर सारखा केला आणि हात उंच करून हलवला. भाऊंनीही सभ्यपणे मान हलवली. ते पाहून मी पाणी प्यायचं निमित्त करून रेकॉर्डिंग थांबवलं.

जाताना रिक्षात बसायच्या आधी काकूंनी मला विचारलंच. "माह्याबद्दल काय म्हणून राहिले होते?"

"चांगलंच म्हणत होते," मी म्हटलं. तसं ते खोटं नव्हतं.

ती मुलाखत मी जीव ओतून कापली. एवढं चांगलं काम मी कधी केलेलं नाही, हे मी आजही म्हणेन. गजाची गोष्ट एकदाच ठेवली, सुरुवात दुसऱ्या वेळची, कारण त्यात आवाज मोकळा होता, आणि शेवट पहिल्या वेळचा. जिथे ते हरवले होते तिथे माझा प्रश्न लांबवला. जिथे माणसांची सरमिसळ झाली होती तिथे शिवण अशी घातली की भाऊंनाही सापडली नसती, आणि त्यांनी तर जन्मभर कापडच पाहिलेलं. चहाचा तुकडा अर्थातच काढला. प्रसारण झालं आणि फोन वाजू लागले. या वयात काय स्मरण आहे माणसाचं! एका मंडळानं त्यांना व्याख्यानाला बोलवायचा घाट घातला. मी फुगून टम्म.

काकूंचाही फोन आला. त्यांनी घरी दोघांनी मिळून ऐकलं होतं. "त्याइनं पूर्ण ऐकलं न मंग म्हणते कसे, हा माणूस चांगला बोलते, याले एकदा घरी बलावा." त्या हसल्या, म्हणून मीही हसले. मग जरा थांबून त्या म्हणाल्या, "पण माह्याकडे बोट दाखवून बोलले होते, ते नाई आलं कुठं. मी वाट पाहून राहिली होती."

"वेळेत बसलं नाही, काकू," मी म्हटलं. आमच्या धंद्यातलं हे सगळ्यात सोयीचं वाक्य आहे. कुणाचंही काहीही कापा, वेळेत बसलं नाही म्हणा, माणूस गप्प होतो. त्याही झाल्या.

पुढे काही दिवसांनी त्या माझ्या दारात उभ्या. मी जरीपटक्याच्या बाजारामागे राहते. सकाळचे ठेले लागत होते, भाजीवाल्यांचा गलका, आणि त्यात ही बाई पत्ता विचारत विचारत तिसरा मजला चढून आलेली. भाऊंपाशी शेजारीण बसवून आली होती, जास्त वेळ थांबता येणार नव्हतं. बसा म्हटलं तर बसेना.

"तुमी लईच चांगलं केलं मॅडम," त्या म्हणाल्या. "आता माहं कोणी ऐकत नाई."

त्यांचा एकुलता एक मुलगा हैदराबादला कॉम्प्युटरच्या कामात आहे. वर्षभरापासून त्या त्याला फोनवर सांगत होत्या की बाबांचं काही खरं नाही. भाऊ घरातून निघतात आणि बसमध्ये बसून गांधीबागेत जातात. त्यांचं दुकान केव्हाच बंद झालं, तिथे आता मोबाइलची कव्हरं विकतात. तिथे जाऊन उभे राहतात, गल्ला उघडायची वाट पाहत. दोनदा ओळखीच्या माणसांनी आणून सोडलं, एकदा पोलिसांनी. काकूंना अंघोळीला जायचं तर बाहेरून कडी लावावी लागते. डॉक्टरकडे ते बायकोबरोबर येत नाहीत, लेकाबरोबर आले असते. आणि लेकाला काही पटत नव्हतं, कारण फोनवरची पाच मिनिटं भाऊ झकास सांभाळून न्यायचे. कसा आहेस, जेवला का, पाऊस आहे का तिकडे. दुकानदारच ते. गिऱ्हाईक सावध होऊ द्यायचं नाही, हे त्यांच्या हाडात मुरलेलं. शेवटी काकू एकदा फोनवर रडल्या, तेव्हा त्यानं रजा टाकली, तिकीट काढलं. आणि मग त्यानं माझी मुलाखत ऐकली.

"म्हणते, आई, बाबा माह्यापेक्षा चांगलं बोलून राहिले. तूच थकली आहे. तूच डॉक्टरले दाखव. आन् रजा कॅन्सल केली न त्यानं."

 करायला गेले गणपती आणि झाला मारुती, असं आपण हसत हसत म्हणतो. इथे हसायला काही नव्हतं. काकूंनी मागितलं होतं ते मी दिलं होतं, टाका न् टाका जुळवून दिलं होतं, आणि त्याच कापडानं त्यांचं तोंड बांधलं गेलं होतं. मला त्या पोराचा भयंकर राग आला. त्याहून जास्त राग कशाचा आला तर माझ्या त्या सुंदर शिवणीचा.

"तुमच्यापाशी पूर्ण असंन न? न कापलेलं?" काकूंनी विचारलं. "ते त्याले पाठवा. माह्या सांगण्यानं होत नाई. सोनारानंच कान टोचले पाहिजे."

मूळ रेकॉर्डिंग बाहेर कुणाला द्यायचं नाही, असा आमच्याकडे नियम आहे, आणि कंत्राटी माणसाला काढायला कुणी नोटीससुद्धा देत नाही. पण खरं सांगते, त्या क्षणी नियमाचा विचार माझ्या मनात आलाच नाही. मनात आला तो चहाचा तुकडा. पूर्ण द्यायचं तर तो आलाच.

"काकू, त्यात एक जागा आहे," मी म्हटलं. "तुमच्याबद्दलची."

"मंग लाव न."

अहोजाहो तिथे संपलं. मी लावलं. ठेल्यांच्या गलक्यात भाऊंचा तो खालचा आवाज स्वच्छ ऐकू आला. ती बाई कोण उभी आहे वं तिकडे. काकू हलल्या म्हणून नाहीत. तिले चहा विचारा न कोणी, हे आलं आणि त्या हसल्या. तोंडावर पदर घेऊन, खांदे हलेपर्यंत हसल्या. हसता हसता त्यांचं रडणं कधी सुरू झालं ते मला कळलं नाही.

"साऱ्या जिनगानीत एका शबदानं चहा विचारला नाई या माणसानं मले," त्या म्हणाल्या. "फॅक्टरीतून यायची, पाय असे सुजलेले राहत. हे लिहीत बसलेले. चहा ठेव म्हणत, वर पाहतसुद्धा नव्हते. आन् पाहा आता."

"काकू, मला माफ..."

"तू काहून माफी मागते वं? हे मले नवीन आहे का? हे रोज सकाळी विचारते, तुमी कोण. पण घरी मले पाहून भेते. म्हणते, बाई, तुमी इथून जा, माह्या घरचे येतीन. एकदा हात उगारला. असं नाई बोलत कधी." त्यांनी डोळे पुसले. "चांगल्या घरची दिसते, म्हणे. पुन्हा लाव."

मी पुन्हा लावलं. मग त्यांनीच सांगितलं, काय करायचं. गोष्ट तीनदा आहे ती तीनदाच जाऊ दे. अडखळणं, हरवणं, सगळं जाऊ दे. हा तुकडा तेवढा काढ. "पोराले काहून समजावं की त्याच्या बापाले त्याची माय ओळखू येत नाई? मले लाज वाटते. हे माह्या मोबाइलमधी टाकून दे."

मी काढला. त्यांच्या मोबाइलमध्ये टाकून दिला आणि कुठे दाबायचं तेही शिकवलं. बाकीचं सगळं, एका शब्दाला हात न लावता, त्यांच्या मुलाला पाठवलं. त्यांना चहा विचारला तर म्हणाल्या, नको, शेजारीण वाट पाहून राहिली असंन.

मला वाटलं होतं, तो ऐकेल आणि दुसऱ्या दिवशी गाडीत बसेल. झालं भलतंच. आठवड्याभरानं काकूंचा फोन आला. आवाज पार बसलेला. "तो म्हणते का ते रेकॉर्डिंग तू खोटं केलं. त्याच्या बापाले पागल ठरवासाठी."

मी तशीच उठले आणि कळमेश्वरची बस धरली. वाटभर त्या पोराला ऐकवायची वाक्यं जुळवत होते, आणि एकाहून एक झणझणीत सुचत होती. पोहोचले तर दाराला बाहेरून कडी, काकू परसातल्या न्हाणीघरात. मीच ती उघडली. भाऊ बाहेरच्या खोलीत पलंगावर चादर मांडून बसलेले. चादरीचा काठ दोन्ही हातांत धरून मोजत होते, ओठ हलत होते. मला पाहून त्यांनी अदबीनं विचारलं, "या, काय दाखवू?"  मी म्हटलं, घाई नाही, चालू द्या तुमचं. तेवढ्यात परसातून आलेल्या काकूंनी मला आत स्वयंपाकघरात नेलं आणि मुलाला फोन लावून तो ओट्यावर ठेवला, स्पीकर चालू करून.

तो रागीट निघाला असता तर बरं झालं असतं. माझी सगळी वाक्यं तयारच होती. पण तो थकलेल्या, सरळ आवाजात बोलला. "मॅडम, तुम्ही राग नका मानू. मी तीनदा ऐकलं. ती कापड मोजायची गोष्ट तिन्ही वेळा शब्द न् शब्द सारखी आहे. श्वाससुद्धा सारखा आहे. असं कोणीच बोलत नाही. मी कॉम्प्युटरवरच काम करतो, मला कळतं. एकच तुकडा तीन ठिकाणी चिकटवल्यासारखं वाटतं. आणि रेडिओवर तर बाबा किती छान बोलले. मग खरं कोणतं?"

मी त्याला समजावून सांगितलं. दुसऱ्या वेळेला मागे एसीची घरघर सुरू झाली आहे, पहिल्या वेळेला ती नाही. तिसऱ्या वेळेला मध्ये माझी खुर्ची करकरते. तुकडा चिकटवला असता तर हे आवाज तिन्हीकडे सारखे आले असते. रेडिओवर ऐकलंत तेच चिकटवलेलं होतं, हे खरं आहे. तो लक्ष देऊन ऐकत होता. त्याला माझं पटावं असं त्यालाही वाटत होतं, की पटू नये असं वाटत होतं, ते मला कळेना. आपला बाप शाबूत असावा असं कोणत्या लेकराला वाटत नाही?

"ठीक आहे," तो शेवटी म्हणाला. "तुम्ही फक्त एवढं सांगा. मला जे पाठवलं, त्याला कुठेच कात्री लावलेली नाही ना? तुम्ही हो म्हणा, मी मानतो."

इतकी वर्षं मी माणसांचं बोलणं कापते आहे. हा प्रश्न मला कधी कुणी विचारला नव्हता. हो म्हणून टाकणं काही अवघड नव्हतं, वेळेत बसलं नाही म्हणण्याइतकंच सोपं होतं. पण समोर काकू उभ्या होत्या, ओट्याला टेकून. हो म्हणायला माझं तोंड उघडेना, आणि नाही म्हटलं तर सगळंच खोटं ठरणार होतं. मी नुसती त्यांच्याकडे पाहत राहिले.

"हॅलो? मॅडम?"

काकूंनी कमरेला खोचलेला बटवा काढला. त्यातून आपला जुना मोबाइल काढला. तो चालू करायला त्यांना माझी मदत लागली नाही, बोट बरोबर त्या जागी गेलं, रोज जात असावं. आवाज मोठा करून त्यांनी तो ओट्यावरच्या फोनच्या तोंडाशी धरला.

ती बाई कोण उभी आहे वं तिकडे? मघापासून पाहून राहिली. मग माझा आवाज. मग पुन्हा भाऊंचा, सगळा, शेवटपर्यंत. बाहेरच्या खोलीत चादर मोजणं थांबलं.

फोनमधून त्याच्या ऑफिसातल्या माणसांचं बोलणं तेवढं लांबून ऐकू येत होतं. मग तो म्हणाला, "आई..."

"हे कापलेलं होतं," काकू म्हणाल्या. "मीच कापायले लावलं. मॅडमचा काही दोष नाई. आता ऐकलं न तू? मंग ये बाबा. मले होत नाई आता एकटीले."

"येतो," तो म्हणाला. "आजच निघतो."

फोन बंद झाला. बाहेरच्या खोलीत चादरीचा आवाज पुन्हा सुरू झाला. मला वाटलं, काकू आता सुटकेचा श्वास सोडतील, निदान खाली तरी बसतील. त्या उभ्याच राहिल्या. मोबाइल बटव्यात ठेवला, बटवा कमरेला खोचला, पदरानं उगाचच ओटा पुसला.

"तेवढं एक माह्या एकटीचं होतं वं," त्या म्हणाल्या. "तेबी द्यावं लागलं."